पांदण रस्त्यावरचा उपग्रह

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना पूर्वी निघण्याआधी एक कागद मिळायचा. अमुक किलोमीटरवर पेट्रोल पंपानंतर डावीकडे, तमुक किलोमीटरवर नाल्याच्या पुलाआधी उजवीकडे, अशा ओळी त्यावर छापलेल्या असत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हँडलला बांधायचा आणि मीटरवरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळेपर्यंत पायडल मारत राहायचं. दिवसा हे जमून जातं. पण रात्री दोन वाजता, हिंगणघाटच्या पुढे कुठेतरी, ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत असताना मीटर १८७ दाखवतो आणि कागद म्हणतो की वळण १८५ वर होतं. मग माणूस सायकल फिरवतो, दोन किलोमीटर मागे जातो, अंधारात वळण शोधतो. वळण तिथे नसतंच. ते होतं तो उभा होता तिथेच, समोर.

गडबड असते टायरच्या घेराची. तारेचा साधा मीटर अंतर मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. स्पोकवर एक चुंबक, पुढच्या फोर्कवर एक डबी. चुंबक डबीसमोरून गेला की एक फेरी झाली. फेऱ्यांना घेराने गुणायचं, की झालं अंतर. ७०० बाय २५ टायरचा घेर साधारण २,१०५ मिलिमीटर. मीटर बसवताना कुणी २,१२६ भरला तर फरक फक्त २१ मिलिमीटरचा, बोटाच्या एका पेराएवढा. पण तो एक टक्का आहे, आणि १८५ किलोमीटरमध्ये एक टक्का म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. म्हणून जाणकार सायकलस्वार तक्त्यातला आकडा घेत नाहीत. ते व्हॉल्व्ह बरोबर खाली आणतात, फरशीवर खडूची खूण करतात, सीटवर बसून सायकल एक पूर्ण फेरी पुढे नेतात, दुसरी खूण करतात आणि टेप लावतात. सीटवर बसणं महत्त्वाचं, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर कमी होतो. हवा कमी भरली तर आणखी कमी. एवढं करूनही महिन्याभराने आकडा हलतोच.

ही युक्ती तशी फार जुनी आहे. कर्टिस व्हीडर या अमेरिकन संशोधकाने १८९५ मध्ये चाकाला जोडायचा छोटा यांत्रिक मीटर बाजारात आणला. स्पोकवरची खीळ प्रत्येक फेरीला एक दातेरी चक्र पुढे ढकलायची. पुढे खिळीच्या जागी चुंबक आला, चक्राच्या जागी इलेक्ट्रॉनिक चिप आली. तत्त्व मात्र शंभर वर्षं तेच राहिलं: चाक मोजा, रस्ता आपोआप मोजला जाईल.

जीपीएसवाल्या मीटरला चाकाशी काही देणंघेणं नसतं. तो वर बघतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत एकच गोष्ट सांगत असतात: मी कोण, कुठे आहे आणि आत्ता किती वाजले. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून मीटर त्या उपग्रहाचं अंतर काढतो. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरायला हवेत. लागतात मात्र किमान चार, कारण मीटरमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं आणि त्याची चूकही हिशेबात शोधावी लागते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरने सरकते. अमेरिका आपल्या उपग्रहांचे नागरी संकेत मुद्दाम अंधूक ठेवत असे. मे २००० मध्ये ते बंद झालं आणि साध्या माणसाच्या हातातल्या यंत्राची चूक शंभर मीटरवरून वीसच्या आत आली. त्यानंतर पाचसहा वर्षांत गार्मिन कंपनीचा 'एज' हा सायकलसाठीचा मीटर आला. आज अमेरिकेचे गार्मिन आणि वाहू, तैवानचा ब्रायटन, चीनचा आयजीपीस्पोर्ट अशी रांग आहे आणि किंमत पाचसात हजारांपासून साठ हजारांच्याही पुढे जाते. तारेचा मीटर हजाराच्या आत मिळतो. प्रश्न साहजिक आहे: वर्ध्यासारख्या सपाट जिल्ह्यात, जिथे सेवाग्राम आणि पवनार पहाटेच्या फेरफटक्याच्या अंतरावर आहेत, तिथे एवढं महाग यंत्र कशाला?

फेरफटक्यासाठी नकोच. रोज त्याच रस्त्याने पवनारला जाऊन धाम नदीच्या काठावर पाच मिनिटं थांबून परत येणाऱ्याला उपग्रहाने रस्ता सांगावा, असं त्यात काही नाही. नवा मीटर घेतलेल्याच्या उत्साहाचा पहिला भर वेगावर असतो आणि वेग तर जुना मीटरही दाखवत होता, तोही जास्त चपळपणे. थांबलेली सायकल निघाली की चुंबकाचा मीटर लगेच जागा होतो. जीपीएसचा वेग एकदोन सेकंद मागून येतो आणि दाट झाडांखाली नाचतो. म्हणून महागड्या मीटरबरोबरही अनेक जण चाकाच्या हबवर बसणारा वेगळा सेन्सर लावतात. म्हणजे एवढे पैसे मोजून पुन्हा चाकच मोजायचं! मात्र एक सोय आहे: बरेच मीटर उपग्रहाच्या अंतराशी ताडून चाकाचा घेर स्वतःच ठरवून घेतात. खडू आणि टेपची गरज संपते.

खरा फरक पडतो तो ओळखीचा रस्ता संपतो तिथे. वर्धा जिल्ह्याचा दक्षिण भाग काळ्या मातीचा आणि सपाट. उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजा घाडगे या बाजूला सातपुड्याच्या टेकड्या आणि संत्र्याच्या बागा. नागपूरकडून येणाऱ्याला बुटीबोरीनंतर दोन दिशा दिसतात: केळझर, सेलू, पवनार करत वर्धा, किंवा हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाने जाम आणि हिंगणघाट. या दोन मोठ्या रस्त्यांच्या मध्ये गावागावांना जोडणाऱ्या लहान डांबरी रस्त्यांचं जाळं आहे. वाहनं कमी, दोन्हीकडे पऱ्हाटी आणि तूर, अधूनमधून एखादी बंडी. सायकलसाठी याहून चांगला रस्ता नाही. पण त्यावर फाटे इतके, की दर पाच किलोमीटरला कुणाला तरी विचारावं लागतं आणि पहाटे पाचला विचारायला कुणी भेटत नाही. घरी बसून नकाशावर मार्ग आखायचा, त्याची फाइल मीटरमध्ये टाकायची आणि पडद्यावरच्या रेघेमागे जायचं, ही सोय अशा ठिकाणी पैसे वसूल करते. फाटा यायच्या आधी मीटर टीक करतो. चुकलात तर लगेच ओरडतो. कागदाच्या काळातली ती रात्रीची चार किलोमीटरची फुकट फेरी वाचते.

त्या रेघेवर डोळे मिटून विश्वास ठेवला की मात्र फजिती ठरलेली. पुष्कळ मीटरांमधले नकाशे 'ओपन स्ट्रीट मॅप' या सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या नकाशावर बेतलेले असतात. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला हा प्रकल्प जगभरचे हौशी लोक भरतात आणि त्यात विदर्भातल्या पांदणीही आल्या आहेत. पांदण म्हणजे शेतात जायची वाट. उन्हाळ्यात ती बंडीच्या चाकोऱ्यांनी कडक झालेली असते आणि सायकल कशीबशी निघते. नकाशावर ती एक बारीक रेघ असते. सायकलचा पर्याय निवडला की मार्ग आखणारं सॉफ्टवेअर मोठे रस्ते टाळून लहान वाटा शोधतं आणि जुलै महिना आहे की एप्रिल याची त्याला फिकीर नसते. पावसाळ्यात या काळ्या मातीत शिरलं की पन्नास पावलांत टायर आणि फोर्क यांच्यातली जागा चिखलाने भरते, ब्रेक गच्च होतात, चाक फिरत नाही. सायकल खांद्यावर घ्यायची तर तिचं वजन दुप्पट झालेलं. उपग्रहाला हे वरून दिसत नाही. म्हणून मार्ग आखताना डांबरी आणि कच्चा रस्ता वेगळा दाखवणारा थर चालू ठेवणं, उपग्रहचित्रावर एकदा नजर टाकणं आणि शक्य असेल तर त्या गावच्या माणसाला फोन करणं, हे अनुभवी सायकलस्वार करतातच. तिसरा उपाय सगळ्यांत भरवशाचा.

समृद्धी महामार्गाची गंमत वेगळी. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातून जातो. सायकलला, मोटारसायकललासुद्धा, त्यावर मनाई आहे. फोनवर मोटारीचा मार्ग काढून तीच फाइल मीटरमध्ये भरली तर यंत्र निमूटपणे समृद्धीकडे नेतं आणि प्रवेशद्वारावर गाडी अडते. महामार्ग ओलांडायचा तोही ठरलेल्या पुलाखालून किंवा बोगद्यातून. जुना नकाशा असलेला मीटर सरळ पलीकडे जा म्हणतो आणि समोर कुंपण असतं.

आता थोडं त्या प्रकाराकडे, ज्यासाठी वर्ध्या-नागपूरकडचे बरेच जण हा मीटर घेतात: ब्रेव्हे. पॅरिसच्या 'ओडाक्स क्लब'च्या नियमांनुसार जगभर होणारी ही शर्यत नसलेली शर्यत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत पुरे करायचे. पहिला कोण आला याची नोंद होत नाही. ठरलेल्या ठाण्यांवर शिक्का घ्यायचा आणि ठाण्यांव्यतिरिक्त वाटेत गाडीची मदत घ्यायची नाही. एका हंगामात ही चारही अंतरं पूर्ण करणारा 'सुपर रँडोनर' म्हणवतो. वाट आणि वेळ या दोनच गोष्टी इथे सांभाळायच्या असतात आणि जीपीएस मीटर दोन्ही देतो. वेळेच्या बाबतीत मात्र तो नवख्याला हमखास फसवतो.

होतं असं की जवळजवळ प्रत्येक मीटरमध्ये 'ऑटो पॉज' नावाची सोय असते. सायकल थांबली की घड्याळही थांबतं. रोजच्या सरावाला हे बरं वाटतं, कारण सरासरी छान दिसते. ब्रेव्हेत मात्र तीच सरासरी खोटा दिलासा देते. समजा, चाक फिरत असताना सरासरी ताशी २२ किलोमीटर आहे. २०० किलोमीटरला नऊ तास लागतील. साडेतेरा तासांची मुदत म्हणजे चिकार वेळ. मग सेलूला तर्री पोहे, वर्ध्याला चहाबरोबर गोरसपाक, कुठे पंक्चर, कुठे झाडाखाली अर्धा तास डुलकी. यांतली कुठलीच गोष्ट मीटरच्या सरासरीत दिसत नाही. थांबण्याचे चार तास झाले तर एकूण तेरा तास पाच मिनिटं. आणखी एक लांबलेलं जेवण आणि ब्रेव्हे गेली. पडद्यावर तेव्हाही २२ च असतं. म्हणून जुने ब्रेव्हेवाले नवख्याला पहिलं काम सांगतात: पहिल्या पानावर चालण्याचा नाही, निघाल्यापासूनचा एकूण वेळ ठेव. गोरसपाकाबद्दल कुणाला तक्रार नाही. गांधीजींच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या गोरस भांडारची ती बिस्किटं खाल्ल्याशिवाय वर्धा ओलांडणं हीच खरी चूक.

लांब पल्ल्याच्या या वेडाला विदर्भात पाय फुटले त्यामागे नागपूरच्या एका डॉक्टरचं नाव येतंच. २०१७ मध्ये डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिकेची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,९०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली. त्याच वर्षी नाशिकशी जोडलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पुरी केली. एकट्याने ती पार करणारे हे दोघे पहिले भारतीय. त्याआधी, २०१५ मध्ये, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ म्हणून ती जिंकण्याइतकीच अवघड असलेली गोष्ट केली होती: शेवटपर्यंत पोचले. समर्थ यांनी २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किलोमीटरहून लांब शर्यतही पूर्ण केली. अशा शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे गाडी असते आणि वळणं सांगायचं काम गाडीतल्या माणसांचं. ब्रेव्हेवाल्याला ती चैन नाही. त्याची मागची गाडी म्हणजे हँडलवरचा तो तळहाताएवढा पडदा.

पडद्यावरचा सर्वांत मजेशीर आकडा चढाईचा. चांगल्या मीटरमध्ये उंची उपग्रहावरून नाही, हवेच्या दाबावरून काढतात. दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला तर साधारण आठ मीटर चढ झाला असं मीटर समजतो. आता आपल्याकडे दाब दिवसभर स्थिर राहत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला तो सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत तीनचार हेक्टोपास्कलने उतरतो; विषुववृत्ताच्या जवळच्या सगळ्या प्रदेशांत रोजचा हाच क्रम. म्हणजे सकाळी दहाला देवळीहून निघून चारला देवळीत परत आलेल्याच्या मीटरप्रमाणे त्याचं घर पंचवीसतीस मीटर वर गेलेलं असतं. वादळी पाऊस आला तर आणखी. सह्याद्रीच्या घाटात या फरकाकडे कुणी बघत नाही. वर्ध्याच्या दक्षिणेला, जिथे दिवसभराची खरी चढाईच शेदीडशे मीटर, तिथे हा मोठा भाग ठरतो. उंचीचा आकडा मिरवायचाच असेल तर सायकल आष्टीच्या टेकड्यांवर न्यावी.

याच सपाटपणामुळे एक खर्च वाचतो. नव्या महागड्या मीटरांत उपग्रहाचे संकेत दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकण्याची सोय असते. उंच इमारतींवर आपटून आलेला संकेत त्यामुळे ओळखता येतो. मुंबईच्या लोअर परळमध्ये ती कामाची. वर्ध्यात, जिथे क्षितिजापर्यंत कापसाची शेतं आहेत आणि आकाश चारी बाजूंनी उघडं, तिथे स्वस्त मीटरही पुरेसा नेमका चालतो. बोर धरणाकडे जाताना सागाच्या जंगलात थोडा डगमगतो, एवढंच.

मग फोन का पुरत नाही, असा प्रश्न घरचे विचारतात आणि तो चुकीचा नाही. तीस किलोमीटरसाठी पुरतो. पण एप्रिल-मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो. हँडलवर उन्हात लावलेला आणि पडदा चालू असलेला फोन अशा वेळी तापून स्वतःला बंद करतो, नेमका फाट्यावर. मीटरचा पडदा वेगळ्या जातीचा: सूर्यप्रकाश परत फेकून दिसणारा, त्यामुळे ऊन जितकं कडक तितका तो स्वच्छ आणि बॅटरी पंधरा-वीस तास टिकते. घामेजल्या बोटाने फोन दाबला जात नाही. बटणांचा मीटर पावसातही चालतो. उन्हाळ्यात एक पथ्य मात्र पाळावं लागतं. या यंत्रांच्या बॅटरीला चार्जिंगसाठी तापमानाची वरची मर्यादा असते, अनेकांत ती ४५ अंश आहे. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत दुपारी दोनला पॉवर बँक लावली आणि चार्जिंग सुरूच होत नाही, तर यंत्र बिघडलं असं समजू नये. ते सावली मागतंय. चार्जिंग रात्रीच उरकावं.

मागून येणाऱ्या वाहनाची सूचना देणारं रडार हा या मीटरचा जोडीदार. सीटखाली लावायचा लाल दिवा आणि त्यातच रडार. सुमारे १४० मीटरवरून येणारी गाडी मीटरच्या कडेला ठिपक्यासारखी दिसते आणि ठिपका वर सरकू लागतो. हिंगणघाटकडे जाणाऱ्या महामार्गावर, कापसाच्या गाठी लादलेले ट्रक अंगावरून जात असताना, ही चैन वाटत नाही. पण रडार फक्त मागे बघतं. सकाळच्या अंधारात कडेच्या तुरीतून उडी मारून समोर येणारा रोही, रानडुकरांचा कळप, गावच्या वेशीवरचे कुत्रे यांची खबर द्यायला अजून कुठलं यंत्र निघालेलं नाही.

शेवटी नोंदींचा प्रश्न. मीटर दर सेकंदाला जागा लिहून ठेवतो आणि फेरी संपली की ती नोंद इंटरनेटवर जाते. यातला अवलंबूनपणा जुलै २०२० मध्ये लख्ख दिसला: गार्मिनच्या सर्व्हरवर खंडणीखोर हल्ला झाला आणि काही दिवस जगभरच्या सायकलस्वारांच्या नोंदी अडकून पडल्या. यंत्रं मात्र चालू होती. ज्यांना केबल लावून फाइल काढता येत होती त्यांचं काही अडलं नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. स्ट्राव्हा या ॲपने २०१७ च्या अखेरीस वापरकर्त्यांच्या सगळ्या नोंदी एकत्र करून जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. जिथे जास्त लोक धावले तिथे उजेड. जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटात मध्येच उजळलेले काही चौकोन म्हणजे लष्करी तळ आहेत, सैनिकांच्या धावण्याने उमटलेले. वर्धा जिल्ह्यात पुलगावला सैन्याचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे. त्या बाजूने सायकल नेणाऱ्याने तिथला तुकडा सार्वजनिक करू नये. आणि घराचा दरवाजाही नकाशावर दाखवायची गरज नसते: ॲपच्या सेटिंगमध्ये घराभोवतीचा काही शे मीटरचा भाग लपवायची सोय असते. ती मूळ स्थितीत बंद असू शकते, म्हणून मीटरवरून पहिली नोंद चढवण्याआधीच चालू करून घ्यावी.